फी मारामारीची, शिकवणी वाकण्याची

कराटेच्या वर्गात पोरगं घालणाऱ्या आईबापांच्या नशिबी एक ठरलेली निराशा असते, आणि ती साधारण चौथ्या दिवशी येते. पहिल्या दिवशी पांढराशुभ्र ड्रेस येतो. दुसऱ्या दिवशी त्या ड्रेसातला, मुठी आवळलेला फोटो मामा, मावशी आणि अख्ख्या गावाच्या ग्रुपवर जातो. तिसऱ्या दिवशी घरातल्या लोडाची शिवण उसवते आणि बापाला वाटतं, चला, पैसे वसूल व्हायला लागले. चौथ्या दिवशी तो मोठ्या कौतुकाने चौकशी करतो.

"काय शिकला बे आज?"

"वाकाले."

"आन् काल?"

"काल बसाले."

"आन् परवा?"

"चपला लायनीत ठेवाले."

"मंग हे तं तुही आजी फुकटात शिकवून राह्यली होती! मी पैसे कायले भरले?"

बापाचा संताप समजण्यासारखा आहे. मारामारी विकत घ्यायला दुकानात जावं आणि दुकानदाराने पिशवीत शिष्टाचार भरून द्यावेत, तसं त्याचं झालेलं असतं. तरीही प्रस्तुत लेखाचं म्हणणं असं, की भरलेल्या फीमधला सगळ्यात मोलाचा माल त्याला या तीन दिवसांतच पोचता झाला आहे. कराटेत वाकणं ही शोभेची गोष्ट नाही; हातमोजे, दातांचं गार्ड आणि नडगीचं पॅड यांच्याही आधी चढवायचं ते संरक्षक साहित्य आहे, आणि त्याला धुवायची कटकट नाही. (असं ठासून लिहिणाऱ्या माणसाला वज्रासनात पाच मिनिटं बसवलं तर उठवायला दोघे लागतील, हे आधीच कबूल केलेलं बरं. पण क्रिकेटवर मतं देणाऱ्यांना आपण कधी पॅड बांधून दाखवायला सांगतो?)

हा मुद्दा गिरडच्या माणसाला तरी नव्याने पटवायची गरज पडू नये. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव टेकडीवरच्या बाबा फरीद यांच्या दर्ग्यासाठी ओळखलं जातं, आणि टेकडीवर सापडणाऱ्या गोल दगडांसाठी. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, हे झिओलाइटचे गोळे आहेत, दख्खनच्या काळ्या पाषाणात तयार होणारे. दंतकथा सांगते, हे नारळ आहेत. दोन फिरते व्यापारी माल घेऊन टेकडीजवळून चालले होते, त्यांनी फकिराची टिंगल केली आणि सगळ्या मालाचे दगड झाले. पुढे ते पाया पडले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते दोघे कायमचे तिथेच सेवेला राहिले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही ही कथा नोंदवून ठेवली आहे. आता कराटेच्या पंचाच्या नजरेने हा सामना पाहा. एका पक्षाने शिष्टाचार मोडला. दुसऱ्या पक्षाने अंगाला बोटही न लावता सामना जिंकला. हरलेल्यांनी वाकून माफी मागितली, जिंकणाऱ्याने नुकसानभरपाई दिली, आणि दोघांनी तिथेच प्रवेश घेतला. स्पर्शाविना, पूर्ण ताबा राखून आणि शेवटी नमस्कार, याहून शुद्ध कुमिते, म्हणजे जोडीची लढत, दाखवायला जपानहून माणूस आणावा लागेल. शिवाय ज्या गावात टेकडीवर जाताना हिंदू असो की मुसलमान, पायातलं काढायला आणि मान झुकवायला कोणाला सांगावं लागत नाही, तिथल्या शाळेच्या पटांगणात उद्या कराटेचा वर्ग निघाला तर चपलांच्या रांगेवरून कुरकुर व्हायचं कारण काय? पण होईल. टेकडीवर आपण वाकतो ते नवसापोटी. वर्गात वाकायला नवस कसला बोलायचा, हे कोणी सांगत नाही.

तर वाकण्याने नेमकं काय होतं, ते पाहू. समोरासमोर उभी असलेली दोन पोरं 'रेई' असा हुकूम आला की एकमेकांकडे बघतात, बडबड थांबवतात, हात मांडीला चिकटवतात आणि कमरेतून झुकतात. यात चार गोष्टी आपोआप उरकतात. हात अडकल्यामुळे तेवढा वेळ कोणी कोणाला मारू शकत नाही. नजर वर आल्यावर कळतं की समोरचा तयार आहे, तो नाडी बांधतो आहे किंवा मागच्या पोराशी भांडतो आहे असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंतर मोजून होतं. फार जवळ उभे राहिलात तर वाकताना कपाळावर कपाळ आपटतं. म्हणजे नमस्कार ही एक फुकटात मिळालेली मोजपट्टी आहे. आपल्या लोकांना तिची किती गरज आहे, हे एस.टी. स्टँडवर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. तिथे गाडी लागायच्या आधी खिडकीतून रुमाल आत जातो, रुमालामागून पिशवी जाते आणि पिशवीमागून नातू. त्या सामन्याला ना रेई आहे, ना पंच. चौथी गोष्ट अशी, की नमस्काराने भांडणाला सुरुवात मिळते तसा शेवटही मिळतो. 'हाजिमे' म्हटलं की सुरू, 'यामे' म्हटलं की थांबायचं, आणि वाकलं की मिटलं. आपल्याकडे धुऱ्यावरून जुंपलेलं भांडण आजोबाकडून नातवाकडे सातबाऱ्यासोबत येतं, कारण दोन्ही घरांत 'यामे' म्हणणारा कोणी जन्माला आलेला नसतो.

यावर पहिली हरकत येते ती वेळेची. नमस्कारातच वर्ग संपतो, मग शिकायचं कधी? हिशेब करू. वर्गाच्या सुरुवातीला दर्शनी भिंतीला एक, शिक्षकांना एक, एकमेकांना एक, आणि शेवटी पुन्हा तेच. सगळं मिळून दोन मिनिटं होत नाहीत. ही हरकत घेणारे गृहस्थ रविवारी एका सत्काराला जातात, तिथे दीड तास शाली पांघरल्या जाताना बघतात, पन्नास श्रीफळं हस्तांतरित होताना टाळ्या वाजवतात आणि सत्कारमूर्ती कोण होते हे न कळता चहा पिऊन परततात. तिथे वेळ गेला असं त्यांना वाटत नाही. गिरडच्या टेकडीवरचे नारळ दगड झाले ते टिंगलीमुळे, ही दंतकथा ठीकच आहे. पण सत्कारांत फिरून फिरून एखाद्या नारळाने आपण होऊनच दगड व्हायचं ठरवलं असणार, अशीही शक्यता वाटते.

दुसरी हरकत स्वाभिमानाची. हे जपानी खूळ आहे, मराठी माणसाने का म्हणून वाकावं? या हरकतीची गंमत अशी की ती घेणारा जपानी मोबाइल, जपानी मोटारसायकल आणि जपानी कार्टून यांच्या मधोमध बसून ती घेतो. पण उत्तर गंभीरपणे द्यायचं तर ते आपल्याच तालमीत आहे. आपला पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवतो, सलामी देतो, मग जोड सुरू. त्या मातीत हळद, ताक, तेल घालून ती मऊ करतात, म्हणजे पडणाऱ्याला लागू नये आणि खरचटलं तर चिघळू नये. सुरक्षितता आणि आदर एकाच फावड्याने कालवायची रीत आपण कोणाकडून उसनी आणलेली नाही. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेल्या व्यायामशाळेची, म्हणजे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. त्यांना सलामी कशी द्यायची हे जर्मनांनी शिकवलं नव्हतं. उलट बाजूनेही पाहा. कराटेच्या वर्गाला जपानी 'दोजो' म्हणतात, आणि तो शब्द मुळात बौद्धांचा आहे. बुद्धाला जिथे बोधी झाली त्या बोधिमंडाला चिनी आणि जपानी ग्रंथांनी दिलेलं ते नाव. जपानी ज्याला 'सेइझा' म्हणतात ते आपल्या वज्रासनाचं सख्खं भावंड. आणि सेवाग्रामच्या आश्रमात प्रार्थनेची सुरुवात होते ती एका जपानी बौद्ध मंत्राने. गांधीजींकडे राहून गेलेल्या जपानी भिक्षूंची ती आठवण. थोडक्यात, हा नमस्कार आपल्याच पोरीचा आजोळी आलेला मुलगा आहे. चेहरा जरा वेगळा दिसतो म्हणून त्याला आधार कार्ड मागू नये.

मुळात कराटेला आजचं रूप दिलं ते मास्तर लोकांनी, ही गोष्ट आपण विसरतो. ओकिनावा बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसु आंको यांनी ही विद्या शाळेत आणली आणि पोरांना झेपतील अशा पाच काता, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या मालिका, बसवल्या. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे कित्येक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवणारे गुरुजी. 1922 साली, पन्नाशी ओलांडल्यावर, ते तोक्योला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथेच राहिले. शिक्षकाने एकदा मुख्यालय गाठलं की परत येत नाही, हा नियम फक्त आपल्या जिल्हा परिषदेपुरता नाही. या गुरुजींनी वीस सूत्रं लिहून ठेवली, आणि त्यातलं पहिलंच सूत्र असं की कराटे नमस्काराने सुरू होतं आणि नमस्कारानेच संपतं, हे विसरू नये. दुसरं असं की कराटेत पहिला वार नसतो. त्या पाच काता बघा. पाचही अडवण्याने सुरू होतात, मारण्याने एकही नाही. स्पर्धांचाही त्यांना उत्साह नव्हता. ते 1957 च्या एप्रिलमध्ये वारले आणि त्यांच्या शिष्यांच्या संघटनेची पहिली अखिल जपान स्पर्धा त्याच वर्षी, त्यांच्यामागे, भरली. गुरुजी वर्गाबाहेर गेले की काय होतं, हे चाळीस मिनिटांच्या तासात आपणही पाहिलेलं आहे. आणखी एक योगायोग: 1936 साली नाहा शहरात जमलेल्या ओकिनावाच्या उस्तादांनी 'कराटे' म्हणजे 'रिकामा हात' हे लेखन पक्कं केलं, आणि त्याच वर्षी आपल्या वर्धा जिल्ह्यात एक म्हातारे गृहस्थ रिकाम्या हातांनी एका लहानशा खेड्यात राहायला आले. दोघांच्या पद्धतीत फरक बराच होता. पण पहिला वार करायचा नाही यावर एकमत दिसतं.

एवढं सांगूनही बापाचं समाधान होत नाही. तो म्हणतो, हे शाळेपुरतं ठीक आहे हो, पण खऱ्या सामन्यात जो जोरात मारतो तोच जिंकतो. या समजुतीविरुद्धचा पुरावा ऑलिंपिकमधूनच आणावा लागतो. 7 ऑगस्ट 2021 रोजी तोक्योच्या निप्पॉन बुदोकानमध्ये पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाची अंतिम लढत होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता. त्याच्या देशाचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक हाताच्या अंतरावर, किंवा नेमकं सांगायचं तर पायाच्या अंतरावर होतं. त्याने लाथ मारली. ती अशी बसली की इराणचा सज्जाद गंजजादे जागीच बेशुद्ध होऊन आडवा झाला. त्याला स्ट्रेचरवरून नेण्यात आलं. पंचांनी आपसात चर्चा केली आणि हमेदीला बाद ठरवलं, कारण वारावर ताबा नव्हता. सुवर्णपदक बेशुद्ध माणसाला. शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की आपण जिंकलो. आपल्याकडे ही लढत फारशी कोणी पाहिली नाही, कारण त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला पडला होता आणि अख्खा देश त्या भाल्यामागे धावत होता. पण पालकांच्या सभेत ती दाखवायला हरकत नाही. ज्या खेळाच्या सर्वोच्च सामन्यात जोरात मारणारा हरतो आणि निपचित पडलेला जिंकतो, तिथे 'हाण रे, हाण' असं बाकावरून ओरडणारा बाप पोराच्या पदकाच्या आड येतो. नाकाच्या दोन बोटं अलीकडे मूठ थांबवता येणं, हीच या विद्येची परीक्षा. नाक फोडायला शिकवणी लागत नाही. ते पाळण्यातलं मूलही खुळखुळ्याने करतं.

तिसरी हरकत खरी वजनदार आहे, आणि ती बहुतेक वेळा आईची असते. "रस्त्यावरचा गुंड काय वाकून नमस्कार करते काय?" नाही करत. पण हिशेब असा आहे, की वर्गात जाणारी पोरगी आठवड्यातून तीन दिवस समोर उभी राहते ती वर्गातल्या मैत्रिणीच्या. गुंड भेटेल न भेटेल, मैत्रीण रोज भेटते, आणि तिचा दात मोडून मिळवलेला आत्मविश्वास परवडणारा नाही. शिवाय गुंडासमोर उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी याच शिष्टाचारात दडलेल्या आहेत. एक म्हणजे अंतर: कोणी हाताच्या टप्प्यात आलं की मागे सरकायचं, हे शंभर नमस्कारांनी अंगात मुरतं. दुसरी म्हणजे आवाज. 'कियाई' म्हणून जो आवाज पोटातून काढायला लावतात तो काढताना पहिल्या महिन्यात पोरींचा जीव जातो. कसा निघेल? घरी दहा वर्षं "हळू बोल, पाहुणे बसलेत" हाच अभ्यासक्रम झालेला असतो. मग शाळेत 'समग्र शिक्षा' योजनेतून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण येतं आणि सर सांगतात, ओरडा. पोरी एकमेकींकडे बघून तोंडावर हात ठेवून हसतात. तीन महिन्यांत लाथ कपाळापर्यंत पोचत नाही, हे मान्य. पण 'थांब' हा शब्द घशातून मोठ्याने बाहेर पडला तरी सरकारचे पैसे कामी आले म्हणायचे. 'थांब' म्हणायचा अधिकार पांढऱ्या पट्ट्यालाही असतो, आणि तो ऐकायचं बंधन काळ्या पट्ट्यालाही. घरात असा नियम असता तर कितीतरी जेवणं शांततेत झाली असती.

उलट ज्या गोष्टींवर टाळ्या पडतात त्यांचा सुरक्षिततेशी संबंध शोधूनही सापडत नाही. पंधरा ऑगस्टला किंवा गणपतीत प्रात्यक्षिक असलं की कपाळावर ट्यूबलाइट फोडतात, पोटावरून मोटारसायकल नेतात आणि विटांवर रचलेले कवेलू एका दणक्यात फोडतात. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो आणि मोटारसायकलमध्ये दीडशे किलोचं लोखंड, हा मुद्दा कोणी काढत नाही. कवेलूंचं म्हणाल तर आमच्या विदर्भात ती वांदरं रोज फोडतात, तीही उड्या मारता मारता, आणि त्यांना आजवर कोणी ब्लॅक बेल्ट बांधलेला नाही. (गिरडमध्ये एखाद्याने नारळ समजून टेकडीवरचा गोळा फोडायला घेतला, तर त्याने हाडाच्या डॉक्टरला आधी कल्पना देऊन ठेवावी.) तीच गत पट्ट्यांची. रंगीत पट्ट्यांची कल्पना ज्यूदोकडून आली; शिकणारा कुठवर आला हे शिक्षकाला लांबून दिसावं, म्हणजे कोणाला कोणासमोर उभं करायचं ते कळावं, हा त्यातला सुरक्षिततेचा भाग. आपल्याकडे मात्र पट्टा हा तिसरीचा चौथीत जाण्यासारखा हक्क झाला आहे. "त्या शेजारच्या पोट्ट्याले पिवळा भेटला, आमच्याले कावून नाही?" या प्रश्नाला शिक्षकाने काय उत्तर द्यावं? शेजारचं पोरगं थांबायला शिकलं, असं खरं उत्तर दिलं तर दुसऱ्या दिवशी वर्ग बदलला जातो. ड्रेसचंही असंच. तो पांढरा का, असं समुद्रपूरच्या काळ्या कपाशीच्या मातीत राहणाऱ्या आईने विचारणं अगदी रास्त आहे, आणि त्याला या लेखकाकडे समाधानकारक उत्तर नाही. नीळ घालावी.

राहिली शेवटची हरकत, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. एवढं वाकवून पोरं लाचार होतील, आणि सर डोक्यावर बसतील. होऊ शकतं. काही वर्गांत आदर या नावाखाली पोरांकडून गाडी पुसून घेतात, 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हटलं नाही म्हणून उठाबशा काढायला लावतात, आणि दुखतंय म्हणणाऱ्याला भित्रा ठरवतात. पण हा नमस्काराचा दोष नाही, अर्धाच नमस्कार केल्याचा आहे. पोरं वाकतात तेव्हा सरांनीही वाकायचं असतं, आणि जवळपास तितकंच. जो नमस्कार एकाच बाजूने होतो तो ठाणेदारासमोरचा सलाम. म्हणून वर्ग निवडताना भिंतीवरची प्रमाणपत्रं आणि मंत्र्यांसोबतचे फोटो मोजू नयेत. दाराशी उभं राहून बघावं, की सर उलट वाकतात का; पवित्रा सुधारण्यासाठी पोरीच्या खांद्याला हात लावण्याआधी विचारतात का; पालकांना बसून बघू देतात का; फरशीवर मॅट आहे की मंगल कार्यालयातून आणलेली सतरंजी, जी पहिल्याच लाथेला पोरासकट भिंतीपर्यंत जाते. आणि एखादं पोर "सर, लागलं" म्हणालं की 'यामे' किती लवकर येतं.

एक काम मात्र सरांच्या हातात नाही, ते घरचंच आहे. वर्गात ओरखडे येतात ते मुठीने कमी आणि नखांनी जास्त, आणि नखं कापण्याच्या बाबतीत आपलं पंचांग फार कडक. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, शनिवारी तर नाहीच, आणि तिन्हीसांजेनंतर कोणत्याच दिवशी नाही. उरलेल्या दिवशी उजेड असतो तेव्हा पोरगं शाळेत असतं. तेव्हा रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी, त्याला धरून बसवा आणि नखं कापा. पायांचीही.